मानचित्रकाराचा रविवार

रायपूरच्या समता कॉलनीत धर्मपाल गजभियेंना पत्ता विचारण्याची चूक माणूस एकदाच करतो. पुरानी बस्तीतल्या एखाद्या देवळाकडे कसं जायचं, एवढंच विचारावं. धर्मपालजी खिशातून पेन काढतात, विचारणाऱ्याच्याच हातातला कागद घेतात आणि आधी उत्तर दिशेचा बाण काढतात. मग प्रमाण लिहितात, मग नाला काढतात. त्या नाल्यावर चौऱ्याण्णव साली पूल नव्हता, नुसता रपटा होता, म्हणजे पाणी वरून वाहून जाणारी फरशी, ही माहितीही त्यात येते. विचारणारा स्कूटर चालू ठेवून उभा असतो. थोड्या वेळानं तो ती बंद करतो. मात्र त्या कागदावर विसंबून निघालेला माणूस आजवर कधी चुकला नाही, हेही सांगायला हवं.

ही सवय नोकरीतली. वडील भंडारा जिल्ह्यातून रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. धर्मपालजींचं अक्षर शाळेपासून रेखीव, म्हणून ते सिंचनाच्या खात्यात नकाशे काढणारा मानचित्रकार म्हणून चिकटले, ते चौतीस वर्षं तिथेच. कालवे, बांध, मोऱ्या, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. निवृत्तीनंतर पहिले काही महिने ऑफिसातून फोन यायचे, अमकी शीट कोणत्या कपाटात म्हणून. पुढे शीट सापडल्या असाव्यात, कारण फोन बंद झाले. बायको शांताबाई काही विचारायची तेव्हा तिला उत्तर आधीच माहीत असायचं. माणसाला कुणी काही विचारेनासं झालं की तो कसा होतो ते धर्मपालजींकडे पाहून कळायचं. ते दिवसातून तीनदा बागेच्या नळाचा वॉशर तपासायचे.

उरला रविवार. त्यांची मुलगी पायल एका शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी दुपारी तिचे दोन मित्र घरी यायचे. बँकेतला यशदीप यायचा चौबे कॉलनीतून, आणि जवळच्याच क्लिनिकात फिजिओथेरपी करणारी मोनाली. तिघं बैठकीत बसून एक खेळ खेळायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं एक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. मोनाली वैद्य, यशदीप तलवारबहाद्दर. समोर दरी आहे, काय करता, असं सांगणारा विचारतो. उडी मारतो म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जमलं की नाही ते बघायचं. एवढाच खेळ, पण तिशीला टेकलेली ही माणसं त्यात चार-चार तास घालवायची.

दोन वर्षं जग सांगायचं काम पायलचं होतं. धर्मपालजी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असत, म्हणजे पेपर समोर धरून ऐकत असत. एकदा पायलनं डोंगराच्या शेंड्यावरून नदी वळवली तेव्हा त्यांना राहवलं नाही. पेपर खाली घालून त्यांनी उतार समजावून सांगितला. पुढच्या रविवारी त्यांनी न मागता तिच्या राज्याचा नकाशा काढून दिला, समोच्च रेषांसकट. तिघंही त्या नकाशावर इतकी खूश झाली की धर्मपालजी त्या रात्री जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. मग पायल म्हणाली की आता मलाही खेळायचंय, जग तुम्हीच सांगा. हे तिनं प्रेमानं म्हटलं होतं, आणि तिथेच घोडचूक झाली.

धर्मपालजींनी तयारी केली. पाच शीट, सूची, आणि जिथे पोहोचायचं त्या कमळझरी नावाच्या गावाचा वेगळा नकाशा. त्या गावावर त्यांनी तीन आठवडे घातले. बेचाळीस घरं, प्रत्येक घराचं दार कुठे उघडतं ते, बाजार, पायऱ्यांची विहीर. वाटेत एक मोरी होती, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली. पहिल्या रविवारी त्या मोरीचं वर्णन पंचवीस मिनिटं चाललं. दगड कुठला, कमानी किती, पुराच्या वेळी किती पाणी काढते. यशदीपनं हळूच विचारलं, "काका, पुल पार कर लिए क्या हम लोग?" धर्मपालजी म्हणाले, पूल नाही, मोरी, आणि दोन्हींतला फरक सांगायला घेतला.

असे पाच रविवार गेले. यशदीपची तलवार एकदाही म्यानातून निघाली नाही, कारण तलवार काढायला कुणीतरी भेटावं लागतं आणि भेटायला कुठेतरी पोहोचावं लागतं. तो फोनमध्ये क्रिकेट बघू लागला. मोनाली मटार सोलायला म्हणून स्वयंपाकघरात जाऊ लागली आणि किलोभर मटार संपले तरी बाहेर येईना. पायल बापाची मुलगी, म्हणून ती जागची हलली नाही, पण तिच्या वहीत कोपऱ्याकोपऱ्यात फुलं दिसू लागली. धर्मपालजींना यात काहीच वावगं वाटलं नाही. ऑफिसात मुख्य अभियंता शीटवर वाकायचे तेव्हाही सगळं असंच चिडीचूप व्हायचं. त्यांच्या मते शांतता म्हणजे काम पसंत पडल्याची खूण.

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, भाकरी थापता थापता शांताबाईनं सांगितलं. मोनालीनं मटार सोलताना तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. पोरं आता यशदीपच्या घरी जमणार होती, चौबे कॉलनीत. काकांना उगाच त्रास नको, असं पायलनं सांगायचं ठरलं होतं. येत्या रविवारी शेवटचं इथे येणार. धर्मपालजी म्हणाले, मले काय तरास, मी तर आनंदानं करून राहिलो.

"तुम्हीच तर करून राहिले," शांताबाई म्हणाली. "बोलता तुम्ही, ऐकते पोट्टे. मंग खेळते कोण?"

यावर धर्मपालजी रुसले. जेवले नाहीत, म्हणजे दोन भाकऱ्यांवर थांबले. जायचं त्यानं जावं, मोरीची कदर नसलेल्या माणसांत बसण्यात आपल्यालाही रस नाही, असं त्यांनी नळाला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. पण गुरुवारी दुपारी ते बैठकीत एकटेच बसले, समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत. त्यांना ही पोरं हवी होती. कारण सगळ्या आठवड्यात त्यांना "पुढे काय?" असं विचारणारी दुसरी माणसं नव्हती.

त्यांनी शीट गुंडाळायला घेतल्या आणि गुंडाळता गुंडाळता ऑफिसची आठवण निघाली. तिथे तर त्यांनी कधीच काही मनानं काढलं नव्हतं. सर्वे पार्टी दुर्बीण घेऊन रानात जायची, चिखलानं भरून परत यायची, फील्डबुक टेबलावर टाकायची आणि सांगायची, इथे टेकडी आहे बाबू, इथे महुआचं झाड आहे, इथे कुत्रं मागे लागलं. ते सांगतील तेवढं हे काढायचे. जिथवर पार्टी गेली नाही तिथवर कागद कोरा. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून रेषा मारणारा माणूस निवृत्त झाल्यावर एकदम स्वतःच सगळा मुलूख मोजून बसला होता, हे त्यांना त्या दुपारी कळलं, आणि त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

रविवारी सकाळी ते विहारात वंदनेला जाऊन आले. तीन वाजता पोरं आली. यशदीप जरा जास्तच अदबीनं बोलत होता, मोनाली सरळ स्वयंपाकघराकडे वळली होती. धर्मपालजींनी तिला बोलावून खुर्चीवर बसवलं. टेबलावर ड्रॉइंग बोर्ड होता आणि त्यावर जवळजवळ कोरा कागद. वरच्या टोकाला एक बांध, अगदी खाली कमळझरी. गाव वगळायला मात्र मन झालं नव्हतं.

"आज तुम्ही सर्वे पार्टी," ते म्हणाले. "बांधाले चीर गेली आहे. मधात काय आहे ते तुम्ही जाऊन पाहा न मले सांगा. मी काढतो."

तिघांची एक-एक पाळी झाली की कडेच्या मोजपट्टीवर ते निळ्या पेन्सिलीनं एक रेघ मारणार होते. दहावी रेघ म्हणजे बांध फुटला. एवढं सांगून ते गप्प बसले. धर्मपालजी गप्प बसले हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते करताना त्यांनी खुर्चीचा हात असा आवळून धरला होता की शांताबाईला दारातून कळलं, आणि तिनं डोळे वटारून त्यांना आणखी थोडा वेळ तसंच ठेवलं.

मग मोनाली म्हणाली, "मैं नाव से उतरती हूँ. इधर एक बस्ती है. केवट पारा. सब नाव चलानेवाले लोग." धर्मपालजींनी पेन्सिल टेकवली. बांधाच्या इतक्या जवळ वस्ती नियमात बसत नाही, हे वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. केवट पारा कागदावर उमटला. पायलनं त्याच्या बाजूला बांधाचं पाणी सोडायचा जुना, गंजलेला दरवाजा शोधला. यशदीपनं दरवाज्यावर एक उर्मट पहारेकरी उभा केला, बहुधा तलवारीसाठीच, आणि सहा रविवारांनी ती बाहेर काढली. फासा अठरावर थांबला तेव्हा तो खुर्चीवरून उठला होता. फोन कुठेतरी गादीखाली गेला होता आणि क्रिकेटचं काय झालं ते कुणाला कळलं नाही.

आठव्या रेघेला दरवाजा अडकला. आता डाव्या अंगाचा बांध फोडला तर केवट पारा वाचणार होता, पण पाणी सरळ कमळझरीवर जाणार होतं. तिघं भांडायला लागली, मोठ्यानं, एकमेकांचं बोलणं तोडत. धर्मपालजींनी नववी रेघ मारली.

"काका, रुको ना, सोच रहे हैं," यशदीप म्हणाला.

"पाणी रुकत नाही बेटा," ते म्हणाले.

मोनालीनं बांध फोडला. पायल कमळझरीला सावध करायला घोड्यावरून निघाली. तिला दहाच्या वर हवे होते, फासा चारवर थांबला. घोडं वाटेतच पडलं. आता कागदावर निळा रंग भरायचा तो फक्त धर्मपालजींनी.

त्यांचा हात थांबला. एक उंचवटा काढला असता तर गाव वाचलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण गाव पुराच्या पातळीखाली दोन मीटर होतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. त्यांनी ब्रश बुडवला आणि बाजारापासून सुरुवात केली. विहीर गेली. मग एकेक दार. नोकरीत त्यांनी असा निळा रंग कितीदा तरी भरला होता. डूबमध्ये, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली, जाणाऱ्या गावांची यादी टाइप होऊन यायची, ते रंग द्यायचे, कडा फिस्कटू द्यायचे नाहीत, आणि चहाला जायचे. ती गावं तर खरी होती. आज कागदावरच्या खोट्या बेचाळीस घरांचं प्रत्येक दार त्यांना पाठ होतं, आणि त्या खऱ्या गावांपैकी एकाचंही नाव त्यांना आठवेना.

सहा वाजून गेले होते. तिघं कागदावर वाकून उभी होती. या वेळच्या शांततेला पसंती समजायचं की काय, हे धर्मपालजींना ठरवता आलं नाही. निरोपाचं बोलायचं काम पायलकडे होतं, पण ती कागदाकडेच बघत होती. मग मोनालीनं विचारलं, "काका, कमळझरी के लोग कहाँ गए?"

चौतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही कुणाला विचारलं नव्हतं.

"मले माहीत नाही," ते म्हणाले. "नकाशात ते नसते. तुम्ही जाऊन पाहा न मले सांगा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. यशदीपनं गादीखालचा फोन शोधून खिशात टाकला आणि पायांत चप्पल सरकवता सरकवता विचारलं, "अगले संडे यहीं ना, काका? कितने बजे?"

"तीन," धर्मपालजी म्हणाले. मग त्यांनी बोर्डावर नवा कोरा कागद लावायला घेतला.