टेबल तेच आहे, टीचर

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय सत्त्याहत्तर, मूळच्या वसईतल्या नंदाखाल गावच्या. यजमान गेल्यावर वाडीतलं घर दिरांकडे राहिलं आणि त्या नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये एकट्या राहायला आल्या. येताना येशूची तसबीर आणि एक सागवानी टेबल तेवढं घेऊन आल्या. अख्खी इमारत त्यांना टीचर म्हणते. मुलगा आखातात नोकरीला.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो. प्रसाद मांडायला आमचं घडीचं टेबल उपयोगाचं नाही, ते डुगडुगतं. म्हणून दरवर्षी टीचरचं टेबल मागून आणायचं. "तुमच्या देवाला माझंच टेबल लागतं," असं हसून म्हणत त्या स्वतः त्यावरचा टेबलक्लॉथ काढून द्यायच्या.

त्या वर्षी आरती झाल्यावर कापराचं ताम्हण मी त्या टेबलावर ठेवलं. खाली पाट नाही, साधं फडकंही नाही. कापूरही जास्तच घातला होता, कारण चार लोक जमले की मला सगळंच मोठं करून दाखवायचं असतं. सगळे गेल्यावर ताम्हण उचललं तर खाली तळहाताएवढा काळा डाग.

"जाऊन सांग ना सरळ," बायको म्हणाली. "त्या काय खाणार आहेत तुला?"

मी सांगितलं नाही. पॉलिश पेपर आणून डाग घासत बसलो. डाग खोल होता, मी त्याहून हट्टी. तासाभरानं डाग गेला आणि त्या जागी खळगा पडला. मग टीचरकडे गेलो आणि म्हणालो, गावाहून पाहुणे यायचेत, टेबल आठवडाभर राहू दे का? "राहू दे की," त्या म्हणाल्या. पाहुणे कुठले, मी वसईच्या प्लायवुडच्या दुकानात विनियर निवडत होतो.

विनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा, कागदाहून थोडा जाड. खळगा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरला, वर टेबलभर सागाचा एक अखंड पापुद्रा गोंदानं चिकटवला आणि दाबाला तांदळाचा डबा, मिक्सर, मुलीची जाडजूड पुस्तकं ठेवली. खरी परीक्षा पुढे होती. नवा साग पिवळट दिसतो. जुना साग वर्षानुवर्षं उजेड खाऊन मधासारखा होतो. वरचा भाग नवा, पाय जुने, आणि दोन्ही एका रंगाचे दिसायला हवेत. दुकानदारानं बजावलं होतं, आधी तुकड्यावर रंग लावा आणि दिवसा बघा. मी ऐकलं नाही. ट्यूबलाइटखाली रंग कालवला, चिंधीनं फिरवला, पायांशी अगदी जुळला. सकाळी बाल्कनीत नेलं तर विटेसारखं लाल. स्पिरिटनं पुसून पुन्हा लावलं, तेव्हा काळपट झालं. तिसऱ्यांदा शहाण्यासारखा तुकड्यावर लावून पाहिला, लाल कमी केला, तपकिरी वाढवला आणि वर लाखेचं पॉलिश दिलं.

आणि मग ते जुळलं. इतकं जुळलं की नवं कुठलं नि जुनं कुठलं, मलाच कळेना. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला अभिमान वाटला. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

टेबल परत दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत मी आठवडाभर सुखात होतो. मग एका सकाळी लिफ्टपाशी टीचर भेटल्या.

"अरे, ते टेबल माझंच आहे ना?"

"म्हणजे?"

"पाय माझेच आहेत. पण वर मध्ये सांधा होता. दोन फळ्यांचा. रोजरीची प्रार्थना म्हणताना टेबलक्लॉथखाली माझं नख त्यातून फिरायचं. आता लागतच नाही."

रंगाच्या नादात मी सांधा विसरलो होतो. अखंड पापुद्र्याखाली तो कायमचा गेला होता. बोलायची वेळ हीच होती. मी म्हणालो, "टेबल तेच आहे, टीचर. सांधा नव्हताच बहुतेक."

त्या हळूच म्हणाल्या, "हो का? असेल बाबा."

महिनाअखेरीस टीचरचा मुलगा सुट्टीवर आला. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यानं मला गाठलं. "दादा, आई फोनवर सारखी म्हणायची, हे टेबल माझं नाही. आता विचारलं तर म्हणते, मला कळत नाही. तुम्हाला काही जाणवलं का?"

मी नकारार्थी मान हलवली. नुसती हलवली नाही, वर म्हणालो, "वय झालं. होतं असं."

खोटं बोल पण रेटून बोल, तसं. त्यानं माझे आभार मानले.

दोन दिवसांनी त्याच्याचकडून कळलं की टीचरना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरतंय. एकट्या राहिल्या आणि गॅस चालू राहिला तर, ही त्याची भीती. भीती खोटी नव्हती, ती मी पुरवली होती. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उठली आणि आमचं दार उघडून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी समोर गेलो. मायलेक त्या टेबलाशीच चहा घेत होते. ताम्हण, खळगा, पापुद्रा, तीन वेळा लावलेला रंग, सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. मुलानं टेबलाखाली वाकून पाहिलं. खालच्या बाजूला दोन फळ्यांचा सांधा स्वच्छ दिसत होता. तो उठला, त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मग त्या दिवशी पार्किंगमध्ये मला काय सांगितलंत तुम्ही?"

मी टीचरकडे वळलो आणि म्हणालो, माझं चुकलं, मी नवी फळी बसवून देतो, म्हणाल ते करतो. त्यांनी हातानंच मला थांबवलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"टेबलाचं काही नाही रे," त्या म्हणाल्या. "जळलं तर जळलं. पण सांधा नव्हताच असं तू म्हणालास ना, तेव्हापासून मी रोज पहाटे उठून माझ्या आठही भावंडांची नावं ओळीनं म्हणून बघते. एखादं सुटतंय का ते."