गाडीला लावलेली इभूत

आमच्या महानंदाचं लग्न मी बसल्या जागी घाम गाळून जमवलं.

झालं असं. माझा मेहुणा संतोष हैदराबादहून त्याची नवीकोरी स्पोर्ट्स गाडी घेऊन आमच्या खटकचिंचोळीला आला होता. दोनच सीटा, आपोआप उघडणारं छत आणि स्टिअरिंगशेजारी टीव्हीएवढा पडदा. बटण औषधालाही नाही! जे काय ते पडद्याला बोट लावून. सकाळी त्यानं मला तासभर शिकवलं. मी तासभर मान हलवली. (वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला कोण काय शिकवणार?) गाणी ऐकायला माझा मोबाईल तेवढा गाडीला जोडून घेतला. जेवण झाल्यावर माझ्या हातात किल्ली देत संतोष म्हणाला, "दाजी, गाडी लिंबाखाली सावलीला लावा," आणि आडवा झाला.

त्याच दुपारी मंठाळचे बसवणप्पा आमचं घर बघायला आले होते. निवृत्त मास्तर, मुलाचे वडील. पोरीला मुलगा पसंत होता, मुलाला पोरगी. राहिला होता फक्त अप्पांचा होकार. निघताना त्यांना दारात गाडी दिसली.

"शिवराजप्पा, गाडी कुणाची?"

"आपलीच की!" माझं तोंड माझ्या आधी बोलून मोकळं झालं. "बसा अप्पा, मंठाळपर्यंत सोडतो."

महानंदा माझ्या कानाशी आली. "पप्पा, नुसती गाडी चालवा. बोलू नगा."

गाडी सुरू केली, तशी आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "वेलकम, संतोष."

"संतोष कोण?" अप्पांनी विचारलं.

"मीच! घरात लाडानं म्हणतेत."

अप्पांनी आतून गाडी न्याहाळली. "नवी गाडी, अन इभूत न्हाई? हे कसं चालंल?" त्यांनी खिशातून विभूतीची डबी काढली, तीन बोटं बुडवली आणि पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन आडवे पट्टे ओढले. मग बोटं तिथंच दाबून डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र मोठा होता.

"शिवराजप्पा, सीट हलायलीय!"

"मालिश हाय अप्पा. तुमच्या कंबरेसाठी मुद्दाम लावलोय."

"अन खालून चटके कामून बसायलेत?"

"शेक! मालिशीनंतर शेक लागतोच की."

मे महिना होता. आमच्या बीदरकडचा मे महिना! तेवढ्यात डोक्यावरचं छत सरकत सरकत मागं गेलं आणि सूर्य आत येऊन बसला.

"हे?"

"मोकळी हवा!"

मी गाडी दामटली. एका हातानं उपरण्यानं पडदा पुसायला गेलो, तर अप्पांची सीट पूर्ण आडवी झाली. (पुसलं तरी त्याला बोटच वाटतं!) अप्पा आता आभाळाकडं बघत मंठाळला निघाले होते. रस्त्यावरची माणसं हात जोडायला लागली.

मग गाडीतच रिंग वाजली आणि चारी बाजूंनी संतोष कडाडला, "दाजी! सावलीला लावा म्हणलो होतो ना? मंठाळच्या रस्त्याला काय करायलाव? मला मोबाईलवर समदं दिसायलंय! मे महिन्यात सीट गरम कामून केलाव? माझी गाडी हाय ती, माझी!"

मी गाडी कडेला घेतली. महानंदाचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि माझी मलाच लाज वाटली.

"अप्पा, गाडी मेहुण्याची हाय. खोटं बोललो. माझ्यापायी पोरीला नकार देऊ नगा."

अप्पा झोपल्या झोपल्या म्हणाले, "कंबर दोन वर्सांनी मोकळी झालीय. मालिश चालू ऱ्हाऊ द्या, तेवढा शेक बंद करा."

"अप्पा, ते मला येतच न्हाई!"

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हे तेवढं खरं बोललाव. पोर आमची झाली, जावा!"

लग्न थाटात झालं. मांडवात अप्पांनी मला आणि मेहुण्याला शेजारी उभं केलं आणि आपल्या पाव्हण्यांना ओळख करून दिली.

"हे संतोष, गाडीचे मालक. अन हे..." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बी संतोषच. पण फकस्त गाडीत बसल्यावर!"