बहिणीच्या लग्नातला फ्लॅश

नव्वदच्या दशकात पुणतांब्याला बहिणीचं लग्न होतं आणि फोटोचं काम माझ्याकडे. कॅमेरा, फ्लॅश मित्राचा. फ्लॅशचे सेल मात्र वडिलांनी आणलेले.

फ्लॅशचं गणित सोपं. सेल म्हणजे विहीर. पाणी भरपूर, पण पोहऱ्यानं हळूहळू वर येतं. आतला कपॅसिटर म्हणजे घागर. मावतं थोडं, पण पालथी केली की सगळं एका झटक्यात. घागर भरताना कूंऽऽ आवाज येतो, भरली की तांबडा दिवा लागतो.

सकाळभर मी नवरदेवाच्या मित्रांपुढे शायनिंग मारत नुसताच फ्लॅश उडवत होतो. विहीर उपसून तळाला गेली, हे ध्यानातच आलं नाही.

त्रिसरण-पंचशील झालं. बहिणीनं हार घातला, फुलं उधळली, मी बटण दाबलं. अंधाऱ्या मांडवात उजेड नाहीच! फ्लॅश आपला कूंऽऽ करत बसलेला.

"काय रं, निघाला का फोटू?" मामांनी विचारलं.

"सेलच जुने आणलेत," मी म्हणालो.

आत्या लगेच वडिलांवर घसरली. "पोरीच्या लग्नात सेलातबी काटकसर व्हय, दादा?" वडील पंगतीचं बघायला निघून गेले. मी फ्लॅशशी खटपट करत राहिलो. ते माझं खोटं पुढं कितीतरी वर्षं मला सलत होतं.

अखेर दिवा लागला, तेव्हा मी हार काढून पुन्हा घालायला लावले. नवरदेव म्हणाला, "थांबा, आता जरा इचार करून सांगतो!" सगळा मांडव हसला. अल्बममध्ये बहीण खळखळून हसतेय, ती त्यामुळे.

परवा वडिलांना लिथियम-आयन कपॅसिटरची गोष्ट सांगत होतो. एक बाजू बॅटरीची, दुसरी सुपरकपॅसिटरची. सुपरकपॅसिटर म्हणजे घागरीऐवजी मोठा रांजण म्हणा. बॅटरीएवढं या नव्या कपॅसिटरमध्ये साठत नाही, पण रांजणापेक्षा जास्त साठतं. भरतो बॅटरीपेक्षा झटपट, टिकतोही जास्त.

"हायब्रीड म्हन की," वडील म्हणाले. "मग हायब्रीड ज्वारीसारखी कायतरी खोट असंलच."

"महाग आहे."

"तरीच!"

ते हसत होते, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, लग्नातले सेल नवेच होते. मीच सकाळी उडवून संपवले."

"ठाऊक हाय. दुकानदारानं माझ्यासमूर पाकीट फोडलं हुतं."

"मग आत्याला का नाही सांगितलं?"

"तू रुसून बसला असता, तर पंगतीचे फोटू काय तिनं काढले असते?"