कोऱ्या कोपऱ्यांच्या काकू

पियानोवाल्या काकू पियानोकडे आधी कधीच बघत नसत. त्या थेट पियानोसमोरच्या बाकड्याकडे जायच्या आणि त्याचं झाकण उघडायच्या.

इथे अमेरिकेत, आयसेलिन गावाच्या पलीकडे माझं जुन्या सामानाचं गोदाम होतं. घर मोडणाऱ्यांकडून सगळं उचलायचं, झाडूनपुसून विकायचं. आमच्या लोकांत डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून उरलेला मी एकटाच असेन, आणि त्यांनी मला ते विसरू दिलं नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी, नेव्ही ब्लू कोटातल्या मराठी बाई माझी बाकडी उघडून बघताहेत म्हटल्यावर मी भडकलोच. पियानो घ्यायचाय की बाकडं, असं जरा मोठ्यानेच विचारलं.

"बाकडंही नको," त्या म्हणाल्या. "आतलं हवंय."

आत काय असतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. लोक पियानो विकतात, पण बाकड्यातली नोटेशनची पुस्तकं काढून घ्यायचं त्यांना सुचत नाही. मी ती कचऱ्यात टाकत होतो. त्या दिवशीच्या पुस्तकांची मी सांगितलेली किंमत काकूंनी मुकाट्याने दिली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला सहन होत नाही. आपणच फसलो असं वाटत राहतं.

काकू वेस्ट विंडसरला राहायच्या आणि एका औषधांच्या प्रयोगशाळेत संशोधक होत्या. पियानो त्या नागपूरला शाळेतल्या एका ननकडून शिकल्या होत्या. दर शनिवारी यायच्या. पुस्तक उघडलं की नाव न वाचता आधी पानांचे खालचे कोपरे बघायच्या. जी रचना सगळे वाजवतात तिच्या पानांचे कोपरे बोटांनी मळलेले, मऊ झालेले असतात. मधलीच काही पानं मात्र छापखान्यातून आल्यासारखी कोरी असतात. काकू तिथे थांबायच्या.

"इथे कुणी आलेलंच नाही," म्हणायच्या, आणि समोर जो पियानो असेल त्यावर वाजवायला बसायच्या.

बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत थांबून त्या हसायच्या. "लोकांनी बरोबर केलं हो, साळुंके. पानं कोरी राहिली ते योग्यच झालं." वाईटाला वाईट म्हणायची त्यांना भीती नव्हती. म्हणून त्या चांगलं म्हणाल्या की माझा विश्वास बसायचा.

एका शनिवारी त्या थांबल्या नाहीत. रचना पियानो आणि व्हायोलिनसाठी होती. वर एका बाईचं नाव छापलेलं, कधी कुणी न ऐकलेलं. हातांनी पियानो आणि तोंडाने व्हायोलिन, असं त्यांचं चाललं होतं. ता-ना-ता-ना करत, आपल्याच पद्धतीने. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसरा भाग सुरू झाला, संथ, आणि माझी दोन माणसं उचललेला सोफा हातातच धरून उभी राहिली. मी त्यांच्यावर ओरडलो नाही. फ्रिज आणि कपाटांच्या त्या गर्दीत मला देवळात आल्यासारखं वाटलं, आणि देवळातही मला तसं फारसं वाटत नाही.

संपल्यावर काकूंनी हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "हे दोन्ही मिळून एकदा ऐकायला मिळालं पाहिजे. खऱ्या व्हायोलिनवर."

ग्रंथालयांत शोधून झालं. त्या बाईंचा कुठेच पत्ता नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एखादा व्हायोलिनवाला बोलावून अर्धा तास द्या, म्हणून मी अध्यक्षांशी भांडून पाहिलं. ते म्हणाले, साळुंके, लोकांना जेवायची घाई असते. शेवटी काकूंनी जवळच्या कॉलेजातल्या संगीताच्या प्रोफेसरांना गाठलं. त्यांना घरी चहाला बोलावलं, वाजवून दाखवलं, आणि झेरॉक्स दिली. मी म्हटलं होतं, आधी तुमचं नाव टाकायचं कबूल करून घ्या, मग द्या. सौदा असाच करतात. त्या नुसत्या हसल्या.

कार्यक्रम कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये झाला. काकूंनी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरली होती. प्रोफेसर स्टेजवर आले आणि म्हणाले, ही रचना मला एका जुन्या सामानाच्या दुकानात सापडली.

माझ्या गोदामाची पायरी हा माणूस कधी चढला नव्हता. मी उठलोच. काकूंनी माझा कोट धरून खाली ओढला.

"बसा."

"काकू, तो सरळ खोटं बोलतोय."

"ऐकलं मी. तुम्ही आत्ता भांडाल, तर लोक घरी जाताना भांडण घेऊन जातील. मला त्यांनी त्या बाईंना घेऊन जायला हवंय."

व्हायोलिन सुरू झालं. गोदामात जे काकूंच्या तोंडून ऐकलं होतं ते आता खरंच हवेत उभं राहिलं. मी एकदाच बाजूला पाहिलं. काकूंचे ओठ हलत होते, आवाज न करता. इतकं पूर्ण ऐकणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. माझा राग गेला नाही, पण तेवढा वेळ तो मला सापडेना.

पुढे त्यांच्या मुलाला दूर पश्चिमेला रेडमंडला नोकरी लागली आणि काकू-काका तिकडे गेले. एकदा ती रचना रेडिओवर लागली. निवेदकाने शोधाचं श्रेय पुन्हा प्रोफेसरांना दिलं. मी तावातावाने काकूंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "संथ भागात घाई केली का हो त्यांनी?"

"नाही."

"मग झालं तर."

हे आमचं शेवटचं बोलणं. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या.

त्या बाईंची रचना आता ठिकठिकाणी वाजते. लोक तिला ओळखतात. ती आता माझ्या भांडणाला पुरून उरेल. तेव्हा भांडायला हरकत नाही. ती रचना प्रोफेसरांना सापडली नाही. ती मालती देवपुजारी यांना सापडली, माझ्या गोदामात, आणि मी तिथे उभा होतो.