भिलाईचा कॅमेरा आणि ताईची झाकणं

नागपूरहून भिलाईला निघालो तो पोलाद कारखाना पाहायला नव्हे. देशाची उभारणी माझ्यावाचूनही बरी चालली होती. कारखान्यातला एक रशियन इंजिनियर मायदेशी परतण्याआधी आपला जुना कॅमेरा विकणार होता. लग्न होऊन भिलाईलाच राहणाऱ्या ताईची पत्रं ‘खुशाल आहे’ म्हणत, पण दम्यामुळे घरात अडकलेल्या आईला ते पटत नव्हतं. “फोटो आण, मंग मानीन,” तिने बजावलं होतं.

दुर्ग सुटताच धुराडी दिसू लागली आणि तांबडी धूळ डब्यात चढली, अर्थातच बिनतिकीट. ताईच्या क्वार्टरमध्ये दूध, माठ, वरणाचा गंज (पातेलं), सगळं झाकलेलं. थोडा वेळ एका जागी बसलो असतो, तर मलाही झाकलं असतं.

संध्याकाळी रशियन साहेब कॅमेरा घेऊन व्हरांड्यात आले. एक माहितीपत्रक वाचून मी तज्ज्ञ झालोच होतो. मागचं झाकण उघडून शटरचा पडदा उन्हाकडे धरला, भोक नव्हतं. भिंगावरचं काळं टोपण काढून टेबलावर ठेवलं. कॅमेऱ्याच्या बाजूच्या छोट्या खिडकीतून लांबचं धुराडं पाहिलं. आधी दोन दिसली, भिंगाचं कडं फिरवल्यावर नेमकी एकमेकांवर बसली. मी गंभीरपणे मान हलवली.

“कावून रे, कॅमेरा घेऊन राहिला का जावई पसंत करून राहिला?” ताईने विचारलं.

“अच्छा, बहुत अच्छा,” साहेब म्हणाले. त्यांचं हिंदी तिथेच संपत होतं.

मग फिल्मचा रोल भरला आणि आवाज ऐकायला पहिला खटका ताईवरच मारला. ती वाकून गंजावर ताटली ठेवत होती.

“अरे, तोंड तं धुऊ दे मले!”

सौदा ठरला, चहा झाला. सकाळी ताईला नवी साडी नेसवून दारात, भाऊजींसोबत, धुराड्यासमोर उभं केलं आणि उरलेला रोल संपवला.

नागपुरात रोल धुतला, तर पहिला फोटो सोडून सगळी पट्टी कोरी. साहेबांना आणि त्यांच्या देशाला मी आईसमोर मनसोक्त शिव्या दिल्या. आईने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“हे झाकण काढलं होतं का?”

टोपण भिंगावर घट्ट बसलेलं होतं. मी पाहत होतो बाजूच्या खिडकीतून, तिथून ते दिसणार कसं? चहाच्या वेळी ते कोणी लावलं, हे विचारायची गरज नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई मात्र तो एकच फोटो उजेडात धरून बसली. विस्कटलेले केस, खोचलेला पदर, हातात ताटली आणि माझ्यावर वटारलेले डोळे.

“साडी नेसून हासली असती, तं मले खरं नसतं वाटलं,” ती म्हणाली. “खुशाल आहे पोरगी.”