मधेच वाजलेली कडी

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो आणि वाचून झाले की बायकोला सांगतो, यात काही तथ्य नाही. भुताचे फोटो तर मला दाखवूच नका. एकाच फिल्मवर दोनदा एक्स्पोजर दिलं की कोणाचंही भूत करता येतं... मी माझ्या मेव्हण्याचं केलं होतं, आणि तो फोटो पठ्ठ्या अजून लोकांना दाखवत फिरतो. तेव्हा पुढचं लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखंच होतंय.

गांधीबागेत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. साल चौऱ्याहत्तर, मे महिना, दुपारचे तीन. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तीनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, हे नागपूरकरांना सांगायला नको.

धंद्यात माझी एक खोड होती. बिघडलेले फोटो मी फेकत नसे. ऐन वेळी कोणी शिंकलं, नवरीचा पदर बकरीने तोंडात धरला, एका तालेवार शेठजींच्या टोपीवर पाल पडली – असले फोटो मी बिस्किटाच्या एका डब्यात जपून ठेवायचो. सरळ बसलेला माणूस फोटोपुरता बसलेला असतो, मधेच काही झालं की तो खरा दिसतो, असं माझं मत. बायको त्याला भंगाराचा डबा म्हणायची.

त्या दुपारी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून देवकाबाई आल्या. सोबत त्यांचा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, अशोक. नवरा गिरणीत होता, तो वीस वर्षांपूर्वी तापाने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. आज खरं वाटणार नाही, पण तेव्हा कितीतरी घरांत माणूस गेल्यावरच फोटोची आठवण व्हायची. मग आम्ही फोटोवाले एक युक्ती करायचो. मुलगा बापावर गेला असेल तर त्यालाच बापाचे कपडे घालून बसवायचं, आणि मग निगेटिव्हवर पेन्सिल चालवून त्याचं वय वाढवायचं. गाल बसवायचे, कपाळाला आठ्या द्यायच्या. विदर्भातल्या कितीतरी भिंतींवर बाप म्हणून मुलगेच हार घालून बसलेत, आणि त्यातले काही माझ्या हातचे आहेत.

"मंदीचं लगन हाये येत्या रविवारी," देवकाबाई म्हणाल्या. "हे गेले तवा मंदी पोटात होती. म्हणते, बाबाच्या पाया पडूनच सासरी जाईन. बुद्धाच्या तसबिरीखाली खिळा ठोकून ठेवला हाये, भाऊ. अजून रिकामाच हाये तो."

अशोक टोपीशी झटापट करत होता. बापाचा कोट त्याला बसला, पण काळी टोपी सैल होत होती, म्हणून मी आत कागदाची घडी घातली. मिशी त्याने आईच्या सांगण्यावरून पंधरा दिवसांपासून राखली होती. चेहरा मात्र फासावर चढवायला आणल्यासारखा.

"माय, मी बाबा नाही वं," तो म्हणाला. "बहीण माह्या पाया पडन काय? तिले का समजनार नाही?"

"काहून समजन? तिनं कुठी पाह्यलं त्याईले?"

"अन् मले समजते त्याचं काय?"

देवकाबाईंनी पुढे होऊन त्याची टोपी सरळ केली. मलाही प्रथमच या युक्तीची जरा लाज वाटली. पण खिळा रिकामा होता आणि रविवार चार दिवसांवर.

मी दाराला आतून कडी लावली. कूलरमुळे लाकडी फरशी थरथरायची, म्हणून फोटोच्या वेळी तो बंद करायचो. एकदम शांत झालं. अशोकला म्हटलं, हलू नका... आणि कॅमेऱ्याच्या शटरचा रबरी बल्ब दाबला. पूर्ण एका सेकंदाचं एक्स्पोजर होतं.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दाराची कडी वाजवली. दोनदा, मग थांबून एकदा.

"कोन हाय गा?" म्हणत अशोक ताडकन उभाच राहिला. फिल्म वाया. मी चडफडत दार उघडलं. बाहेर कोणी नाही, नुसती गरम हवा. समोरच्या ओट्यावर आमच्या गल्लीतला चांभार जोडा शिवत होता.

"कोण आलं होतं, काका?"

"कोनीच नाही. मी इथंच तर बसून राह्यलो," तो म्हणाला. "या उन्हात कोन येते गा?"

मी दुसरी फिल्म लावली. ती ठीक निघाली आणि मायलेक गेले.

संध्याकाळी दोन्ही फिल्म धुतल्या. पहिलीवर नुसता धूर दिसायला हवा होता, कारण माणूस मधेच उठला होता. पण फोटो सुईसारखा शार्प होता. माणूस खुर्चीतच बसलेला, चेहरा किंचित दाराकडे वळलेला. अशोकच होता... पण दमलेला, आणि टोपी डोक्याला अगदी चपखल. डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली. म्हटलं, फिल्मचा थर तिथे उडाला असेल. भिंगाखाली पाहिलं, थर धड होता. जुनी वापरलेली फिल्म म्हणावी तर पाकीट त्याच सकाळी फोडलेलं. म्हटलं, असेल काहीतरी. एक प्रिंट काढली आणि टाकली डब्यात. मग दुसऱ्या फोटोवर मन लावून पेन्सिल चालवली. काम झकास झालं होतं, मीच माझ्यावर खूश.

शुक्रवारी देवकाबाई एकट्याच आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, सांगाचं राहूनच गेलं. त्याईचा डावा कान फाटला होता खालून. लहानपनी बाळी वढल्या गेली होती. अशोकले ठाव नाही, लहान होता. पेन्सिलीनं करता येते काय?"

पहिला विचार आला तो फोटोवाल्याचाच – प्रिंट उलटी तर निघाली नाही ना? डबा काढून कोटाच्या गुंड्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहिलं. प्रिंट सुलटी होती. कान डावाच होता.

मी ती प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी लांब धरली, मग जवळ. रडल्या नाहीत. दारात घरातलं माणूस आलं की बायका घेतात तसा त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "केवढ्या उन्हाचे आले."

माझा झकास फोटो त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

लग्नाला मी गेलो. बोलावणं होतं, आणि खोटं कशाला बोलू, बघायचं होतं. खिळ्यावर फोटो होता. मंदी वाकली, तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठली नाही. मागे अशोक उभा होता. मिशी त्याने काढून टाकली होती. बहीण बाजूला झाल्यावर तो पुढे आला, फोटोतला कान बोटाने एकदा चाचपला, आणि तोही वाकला.

दारावर कोण होतं, एका सेकंदात फिल्मवर काय उतरलं, हे मला आजही सांगता येत नाही. नंतर तसं करून पाहिलं. पाचसहा जणांना मधेच उभं केलं, दर वेळी धूरच आला. पेन्सिल चालवलेला तो अशोकचा फोटो कोणी न्यायला आलं नाही. आता तो भंगाराच्या डब्यात आहे.

भुतंखेतं मी अजूनही मानत नाही. फक्त त्या मे महिन्यानंतर स्टुडिओ होता तोवर फोटो काढताना मी आतून कडी लावली नाही. बायको विचारायची, कोणी मधेच आत आलं म्हणजे? मी म्हणायचो, येऊ दे. एखाद्याचा फोटो काढायचा राहून गेला असेल.