हिरव्या लुगड्याचं शीड

मी सातवीला भूगोल शिकवायचो, हे सुरुवातीलाच कबूल करतो. पुढे ते लपवणं अवघड जाणार आहे.

छप्पन्न-सत्तावन्नचा सुमार. दर्यापूर तालुक्यात पूर्णेच्या काठी आमचं गाव. बाबा गेल्यावर माय माझ्याजवळच होती. त्या पावसाळ्यात तिची छाती भरली ती भरलीच. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, "त्यांची काही इच्छा असेल तर पुरी करा." मला वाटलं, गोडाधोडाचं काही मागेल.

"बाबू, पोळ्याले मले माहेरी ने," माय म्हणाली. "दादाले एकडाव पाहून घेऊ दे."

दादा म्हणजे माझा मामा. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कधीच राजीनामा देऊन बसलेले. गाव आठ मैल खाली, पूर्णेच्याच काठावर. पण रस्ता म्हणजे नुसता काळ्या चिखलाचा गारा, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं. राहिली नदी! माणसं पैलतीरी नेणारे सखारामबुवा डोंगा घेऊन यायला तयार झाले.

"बांबूनं रेटत रेटत नेतो. सांजेलोक पोचू," बुवा म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"रेटता काहून? शीड लावू!" (मी समुद्र पाहिला नव्हता. शीड पाहिलं होतं, पाठ्यपुस्तकातल्या चित्रात.)

कापडाचा प्रश्न मायनंच सोडवला. पेटी उघडून तिनं हिरवं लुगडं काढलं. बाबा गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती.

"माय, हे नको."

"घे. मले तं आता नेसता येत नाई. लुगडं तं येईल माह्यासंगं माहेरी."

पोळ्याच्या सकाळी माय डोंग्यात गोधडीवर बसली. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा आणि मामाच्या बैलासाठी महिनाभर खोकत खोकत शिवलेली झूल. सखारामबुवांनी शिडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, वारा तं खालून येऊन राह्यला."

"बुवा, तुमी किती बुकं शिकले?"

"एकबी नाई."

"मंग?"

बुवांनी बांबू टेकवून डोंगा लोटला.

पहिला फर्लांगभर डोंगा उंच काठाच्या आडोशानं छान गेला. वळणावर मी ऐटीत शीड चढवलं. लुगडं टम्म फुगलं! मायनं टाळ्या वाजवल्या. डोंगा थांबला, त्यानं क्षणभर विचार केला, गर्रकन तोंड फिरवलं आणि प्रवाहाच्या उलट, आमच्या गावाकडे सुसाट सुटला!

घाटावर अख्खं गाव बैल धुवायला आलेलं. त्यात माझा सातवीचा वर्ग.

"गुरुजी, तुमचं मामाचं गाव तिकडं हाये!" वर्गानं एका सुरात मला दिशा शिकवली.

तेव्हा कुठे मला आठवलं. पूर्णा वाहते पश्चिमेकडे, आणि पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून. दरवर्षी फळ्यावर त्याचे बाण मीच काढायचो. (उलटा बाण काढला म्हणून एका पोराला छडीही मारली होती.)

"बाबू, हे तं आपलंच गाव रे!" माय म्हणाली.

"हो, मधात लागते," मी म्हणालो.

शीड उतरवायला गेलो तर गाठी सुटेनात. खबरदारी म्हणून मी लुगड्याची टोकं थेट डोलकाठी म्हणून रोवलेल्या बांबूलाच सात-सात गाठींनी आवळली होती. बुवांनी विळा काढला. "कापू काय लुगडं?"

"कापू नका," माय एवढंच म्हणाली.

मग लुगडं शाबूत ठेवून आम्ही गावाच्याही मैलभर वर गेलो आणि बाभळीच्या झुडपात रुतलो. मी दातांनी गाठी सोडत होतो आणि माय हसत होती. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेचना.

गाठी सुटल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. आभाळ भरून आलं होतं आणि मायचं अंग तापलं होतं. बुवांनी माझ्याकडे न बघता डोंगा आमच्याच घाटाला लावला. मायनं पुरणपोळ्यांचा डबा त्यांच्याच हातात दिला. झूल मात्र तिनं उराशी धरली होती.

"पुढच्या पोळ्याले जाऊ," घाट चढताना ती म्हणाली. "तवा वारा इचारून घेजो."

मी मान हलवली. पुढचा पोळा तिला दिसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बांबूनं रेटत गेलो असतो तर ती त्या सांजेला भावाच्या ओसरीवर असती. एवढी साधी गोष्ट. आणि ती मी माझ्या शहाणपणात बुडवली.

दिवाळी झाली आणि माय गेली. अस्थी घेऊन मी त्याच डोंग्यात बसलो. थंडीचा वारा सुटला होता, पाठीमागून.

"आज वारा बराबर हाये, मास्तर," सखारामबुवा हळूच म्हणाले.

नदीच्या मधोमध मी मायला पाण्यात सोडलं. ती खाली, माहेराच्या वाटेला लागली. ना शीड, ना संगतीला भूगोलाचा मास्तर. त्यामुळे या खेपेला ती नक्की पोचली असणार!